दिलेला दोर

१० नोव्हेंबर, रविवार

उमाशंकरने आज ही डायरी दिली. त्याच्या बियाण्यांच्या एजन्सीची आहे, पानोपानी सोयाबीनच्या शेंगा. वर्ष संपत आलं तरी कोरीच, म्हणजे कोणीतरी नको म्हणून परत केलेली असणार. पण धर्माच्या गाईचे दात बघत नाहीत. "यात रोज थोडं लिहीत जा, हाताला सवय होईल," म्हणाला.

सवय कशासाठी, तर आमच्या नौका क्लबचा इतिहास लिहायचा आहे. येळवशीनंतरच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येनंतरच्या रविवारी धरणाच्या पाण्यात शिडाच्या नावांची शर्यत होते, तिची यंदा चाळिसावी खेप. स्मरणिका निघणार. नांदेडमध्ये शिडाची शर्यत होते हे नांदेडच्याच निम्म्या लोकांना खोटं वाटतं, तेव्हा इतिहास हवाच. आणि तो मीच लिहावा असं उमाशंकरचं म्हणणं. "क्लबचा परतेक दोर तुझ्या दुकानातून गेला, अमरेश. दुसरं कोण लिवणार?"

मला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. ताडपत्री आणि दोरखंडाच्या दुकानात चाळीस वर्षं मीटर मोजले, कोणी लिहायला बसवलं नव्हतं.

सुकन्या म्हणाली, "लिवा. पण ते यंदा सरावाला कामून बोलवून नाही राहिले?" नाव रंगायला गेली आहे, हे तिला तीनदा सांगितलं. बायकोला इतिहासापेक्षा वर्तमानाची काळजी जास्त.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सुरुवात झकास जमली. परुळेकर नावाचे मालवणकडचे इंजिनियर धरणावर बदलून आले. एवढं पाणी समोर आणि एकही शीड नाही, हे त्यांना बघवेना. त्यांनी सुताराला धरून नाव केली आणि शिडासाठी आमच्या दुकानातून पिवळी ताडपत्री नेली. वडिलांना वाटलं साहेबाला कडबा झाकायचाय. पहिली शर्यत सोडायला बंदूक नव्हती म्हणून परात वाजवली, ती आजही वाजते.

मग जोडीचा भाग लिहिला. नावेत दोघं असतात, एक सुकाणूवाला आणि एक दोरवाला. दोरवाल्याच्या हातात शिडाचा दोर. वारा फिरला की तो "हां!" म्हणतो आणि सुकाणू वळतं. आमच्या नावेचं नाव 'आंबील'. सुकाणू उमाशंकरचं, दोर माझा. मी निघताना कपाळाला ओली विभूती लावतो. ज्या बाजूचं कपाळ आधी गार पडतं, तिकडून वारा येणार. लोक हसतात, पण बावीस वर्षांत हे कपाळ फसलेलं नाही.

उमाशंकरने एक रिवाज आवर्जून लिहायला सांगितला, परुळेकर साहेबांच्या काळापासूनचा. दोरवाल्याला नावेतून कोणी उतरवत नाही. तो स्वतःच, चारचौघांत, आपला दोर नव्या माणसाच्या हातात देतो. मी त्याला जोडून माझ्या मनचं एक वाक्य घातलं: 'आणि दिलेला दोर परत घेत नाहीत.' वाचून दाखवलं तर उमाशंकर म्हणाला, "पुन्यांदा वाच." मग म्हणाला, "हे ठळक अक्षरात छापू."

मी म्हणालो, "बघ, आता तुला मला उतरवता येणार न्हाई. माझ्या मर्जीशिवाय मी जात नसतो." तो खूप हसला, मीही हसलो.

डावा गुडघा उठताना कटकन वाजतो. हे त्याला सांगायचं नाही. चाळिसावी शर्यत एकदा झाली की बघू. तीन वर्षं आम्ही दुसरे येतोय, यंदा पहिलं यायचं आणि मग देव नेईल तिकडे जायचं.

२४ नोव्हेंबर, रविवार

औशाला जाऊन आलो. लातूरपर्यंत एस.टी., तिथून दुसरी एस.टी., आणि दोन्हींत खिडकी उघडी ठेवण्यावरून भांडण.

माझ्याआधी 'आंबील'चे दोरवाले होते ते गुरुपादप्पा. नांदेडची आडत बंद करून गावी गेले ते गेलेच. पंचाऐंशीच्या घरात असतील. एका डोळ्याने दिसत नाही, पण शरणार्थ म्हणून नमस्कार करताच आवाजावरून ओळखलं. सून कमलम्मा जवळ बसून होत्या.

इतिहासाचं सांगितलं. पहिल्या शर्यतीचं, ताडपत्रीच्या शिडाचं भरभरून बोलले. मग मी दोर देण्याच्या रिवाजाचं विचारलं. म्हणाले, "असला काई रिवाज नव्हता."

मी म्हणालो, "अप्पा, तुम्हीच तर मला दिला होता."

ते म्हणाले, "फोटो कसा आलता रे?"

वय झालं बिचाऱ्यांचं, कुठलं कुठे जोडतात. पण फोटोवाला होता खरा. वर्तमानपत्राचा माणूस आला होता. अप्पा गुडघाभर पाण्यात उभे, त्यांनी दोर माझ्या हातात दिला, आणि मग आशीर्वादाचा हात पुढे केला. मी वाकून तो हात कपाळाला लावला. बारीकसारीक सगळं आठवतं, कारण माझ्या आयुष्यात मला कोणी इतक्या लोकांसमोर काही दिलं नव्हतं. इतिहासात हा प्रसंग सविस्तर घेणार आहे.

निघताना विचारलं, "गुडघे बरे हायत का तुझे?" मी चाट पडलो. सुकन्याने फोन केला असावा.

"बरे आहेत."

"मग दोर हातातला सोडू नको," म्हणाले. मी म्हटलं, अप्पा, एवढ्या वर्षांत एकदा सुटला नाही. म्हाताऱ्याला अजून शर्यतीचीच काळजी. रिवाजाचं मी उमाशंकरच्या सांगण्याप्रमाणेच ठेवतो. अप्पांच्या आठवणीवर भरवसा ठेवण्यासारखी स्थिती राहिलेली नाही.

१ डिसेंबर, रविवार

स्कूटर काढून धरणावर गेलो. न सांगता गेलो, कारण सांगून गेलो की उमाशंकर म्हणतो, तू लिही, इकडचं मी बघतो. 'आंबील' रंगून पाण्यात उभी! नवं शीडही लावलंय. उमाशंकर आणि त्याचा जावई सुदर्शन, दोघे निथळत होते.

"अरे, कधी आली?" मी विचारलं.

"कालच," उमाशंकर म्हणाला. "जावयाला जरा पाणी दाखवून राहिलो."

सुदर्शन लातूरचा, गोड पोरगा. काका काका करत मागे लागला. तिसऱ्या पिंपाजवळ वारा कसा फिरतो म्हणाला. (वळणासाठी पाण्यात निळी पिंपं सोडलेली असतात.) मी सगळं सांगितलं. भिंतीजवळ वारा मरतो, तिथे घाबरून दोर ढिला करायचा नाही. पंप हाऊसच्या कोपऱ्यावर आला की तो एकदम उजवीकडून उडी मारतो. विभूतीचंही सांगितलं, म्हणजे बघा. त्याने मोबाईलवर बोलून ठेवलं. उमाशंकर तेवढा वेळ शीड गुंडाळत होता. एरवी तो अशा वेळी माझी टिंगल केल्याशिवाय राहत नाही.

४ डिसेंबर, बुधवार

सुदर्शन दुकानात आला, दोराने हात कापू नयेत म्हणून चामड्याचे हातमोजे घेतले. मी पैसे घेतले नाहीत. जावई एकाचा असला तरी पाहुणचार सगळ्यांचा.

सुकन्या रात्री भाकरी वाढता वाढता म्हणाली, "नुसतं पाणी बघायला हातमोजे कामून लागतात?"

मी म्हणालो, "तुझं डोकं सीरियल बघून बिघडलंय."

ती म्हणाली, "माझं बिघडू द्या. तुम्हाला काठावर बसवून राहिले ते."

जेवण अर्धं टाकून उठलो. उमाशंकर माझ्या बाबतीत असं करेल? वडील गेले तेव्हा माझ्या शेजारी तीन दिवस बसलेला माणूस आहे तो. दुष्काळात धरण आटलं, शर्यत झाली नाही, तेव्हा भेगाळल्या तळावर नाव नेऊन आम्ही दोघांनी तिची पूजा केली होती. तिथे रडलो होतो दोघंही. हे सुकन्याला काय कळणार.

१५ डिसेंबर, रविवार

उमाशंकर घरी आला. बराच वेळ चहा ढवळत बसला. मीच म्हणालो, "ताकाला येऊन भांडं कामून लपवतोस? बोल."

म्हणाला, "शर्यतीच्या दिवशी पाहुणे येऊन राहिले. लोकांना आपला रिवाज दाखवू म्हणतो. तू दोर सुदर्शनच्या हातात दे. तुझ्याच इतिहासातलं वाचून दाखवायचं माईकवर. लई शोभा येईल."

"आणि मग?"

"मग काय. घे परत अन् बस."

मला कल्पना फार आवडली. लिहिलेलं असं डोळ्यांसमोर घडणार! चहा संपायच्या आत हो म्हणालो. तो उठला, माझा खांदा धरून उभा राहिला, काहीतरी बोलणार असं वाटलं. मग चपला घालून गेला.

सुकन्या आतून बाहेर आली. "परत घेत नाहीत म्हणून तुम्हीच लिवलंय ना?"

"अगं, ते खरं दिल्यावर. हे नाटक आहे."

"नाटक आहे हे त्या परातीला म्हाईत आहे का?" म्हणाली. मी तिच्याशी आज बोलणार नाही.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

निलंग्याला आमच्या शेतात सगळे जमलो. उमाशंकर बायको, लेक, जावयासह आला होता. ज्वारीत बसून भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. मी आंबिलीचा पेला उंच करून म्हणालो, "'आंबील'च्या नावानं!" सगळे हसले.

उमाशंकर जेवला कमी. परतताना बांधावर म्हणाला, "अमरेश, तू माझ्यावर कधी रागावला न्हाईस."

"रागवावं असं काही कर की मग," मी म्हणालो.

आज दिवस फार चांगला गेला. माणसाला शेत, मित्र आणि एक नाव एवढं असलं तर आणखी काय लागतं.

४ जानेवारी, शनिवार

वर्ष संपलं, डायरी संपली. मागच्या कोऱ्या पानांवर लिहितोय. क्लबचा शर्ट इस्त्री केला. गुडघ्याला पट्टी आणली, पँटच्या आत दिसणार नाही. उद्या.

५ जानेवारी, रविवार

आज लिहवत नाही.

६ जानेवारी, सोमवार

लिहितो. इतिहासकार आहे ना मी.

सकाळी काठावर ही गर्दी. मांडव, पाहुणे, माईकवर क्लबचे धोंडप्पा. सगळ्या नावा रांगेत, शिडं फडफडताहेत. मी विभूती लावली, उजवीकडचं कपाळ गार पडलं. मनात म्हटलं, आज जमतंय.

उमाशंकर सुकाणूवर बसला. मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. सुदर्शन नावेत, माझ्या जागेवर, हातात मी दिलेले मोजे. धोंडप्पांनी वाचायला सुरुवात केली. माझीच वाक्यं, भोंग्यातून आणखी मोठी वाटली. मी दोर सुदर्शनच्या हातात दिला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

मी हात पुढे केला, दोर परत घ्यायला.

सुदर्शन वाकला. त्याने माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि कपाळाला लावला. त्याचे डोळे भरले होते.

मी म्हणालो, "अरे, दोर." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, कारण भोंग्यातून धोंडप्पा म्हणत होते, "आणि दिलेला दोर परत घेत नाहीत! अमरेशजींनी बावीस वर्षं सांभाळलेला दोर आज स्वखुशीनं..." उमाशंकरकडे बघितलं. तो डोलकाठीच्या टोकाकडे बघत होता. माझ्याकडे बघ, उमाशंकर, असं मी मनात म्हणालो की तोंडाने, आठवत नाही. परात वाजली. नाव माझ्या मांडीला घासून पुढे गेली.

मी पाण्यात तसाच उभा होतो. ओरडावंसं वाटलं. पण काय ओरडणार? नियम माझा, अक्षर माझं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लोक येऊन पाठ थोपटत होते, केवढं मोठं मन म्हणत होते. त्यांना मी नमस्कार करत होतो.

शर्यत काठावरून पाहिली, पाहिल्याशिवाय राहवलं नाही. भिंतीजवळ वारा मेला. पोराने दोर ढिला केला नाही. पंप हाऊसच्या कोपऱ्यावर त्याने उजवीकडे मान वळवली आणि 'आंबील' वळली ती अशी, की आम्हा दोघांना ती तशी कधी वळवता आली नव्हती. पहिले आले.

घरी आलो तेव्हा पँट ओलीच होती. सुकन्याने एक शब्द विचारला नाही. टॉवेल दिला आणि गुडघ्याची ओली पट्टी सोडायला खाली बसली. ती बोलली असती, टोचून बोलली असती, तर बरं झालं असतं.

१२ जानेवारी, रविवार

आठवडाभर दुकानात बसलो, दोर मोजायला माणसाला सांगितलं. हातात धरवत नाही.

आज उमाशंकर आला. स्मरणिकेच्या प्रती आणि पेढे. सुकन्या दारातच म्हणाली, "केसानं गळा कापायचा अन् वरून पेढे भरवायचे!" आणि आत निघून गेली. तो ऐकून घेऊन बसला.

"तुझे गुडघे मला दिसून राहिले होते," म्हणाला. "मागच्या वर्षी तिसऱ्या पिंपाला तू उठलाच न्हाईस. आपण तिथंच हरलो. मी एका शब्दानं बोललो का?"

"न्हाई बोललास. बोलायचं होतंस."

"बोललो असतो तर तू दिला असतास का दोर?"

मी आठवडाभर याच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो, त्याने विचारायच्या आधीपासून. म्हणालो, "हाव. दिला असता. चार दिवस तोंड बघितलं नसतं तुझं, रडलो असतो, पण दिला असता. तुझ्या जावयाला मीच हात धरून बसवलं असतं. तू मला मागितला असतास तर, उमाशंकर."

तो म्हणाला, "मला मागता येत न्हाई रे." एवढंच. कबुली होती की तक्रार, मला कळलं नाही. पेढे तिथेच ठेवून गेला. सुकन्याने ते गल्लीतल्या गाईला घातले.

त्याला दोर हवा होता याचं मला दुःख नाही. त्याने मला इतकं परकं समजलं, की माझ्याकडे मागण्याऐवजी काढून घेतला. तेही माझ्याच हाताने लिहून घेऊन.

तो गेल्यावर स्मरणिका चाळली. माझं वाक्य ठळक छापलंय. पुढच्या पानावर जुना फोटो: गुरुपादप्पा पाण्यात, मी नावेत, त्यांचा हात माझ्या कपाळाला. हा फोटो मी पूर्वी शंभरदा बघितला असेल. आज मी अप्पांचा चेहरा बघितला. ते माझ्याकडे बघतच नाहीयेत. ते उमाशंकरकडे बघताहेत. आणि पंजा उघडा आहे, वर वळलेला. आशीर्वादाचा हात असा नसतो.

१९ जानेवारी, रविवार

औशाला गेलो. या वेळी गाडीत खिडकीवरून भांडलो नाही.

अप्पा ओसरीत उन्हाला बसले होते. मी शरणार्थ म्हणालो, त्यांनी आवाज ओळखला, पण या वेळी काही विचारलं नाही. "बस," म्हणाले.

मी बसलो. बोलायचं खूप ठरवून गेलो होतो.

त्यांनीच विचारलं, "माईकवर का फोटोसाठी?"

"माईकवर. रिवाज दाखवायचा म्हणून."

"मला उमाशंकर फोटोसाठी म्हणलाता. एक फोटो काढू, मंग घ्या परत म्हणला." त्यांना हसू आलं, खोकल्यात संपलं. "रिवाज तवाच झाला तो. मी तर तुला सांगितलं, असला काई रिवाज नव्हता म्हणून."

सांगितलं होतं. मीच ते म्हाताऱ्याचा विसर म्हणून खोडून टाकलं. तेव्हा अप्पा आजच्या माझ्याच वयाचे होते, गुडघेही असेच असतील. त्यानंतर वर्षभरात त्यांनी आडत बंद केली होती. आम्ही म्हणायचो, अप्पांना गावाची ओढ लागली.

"मला ठाऊक नव्हतं, अप्पा. शपथेवर सांगतो."

"म्हाईत हाय मला. तू लई खुशीत होतास. नाव गेली तरी मागं वळून हात हलवत होतास."

"एवढ्या वर्षांत मला सांगायचं तरी."

"काय सांगू? तुझ्या हातातला दोर चोरीचा हाय म्हणून?" थांबून म्हणाले, "तुझ्या त्या पोराला तू सांगशील का?"

सुदर्शनचा सकाळीच फोन येऊन गेला होता. काका, तुमचं कपाळ माझ्याही कामी आलं, म्हणाला. मी त्याला म्हणालो होतो, जपून चालव. आणि फोन ठेवून दिला होता. हे मी अप्पांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"हात पुढं केलतास का?" त्यांनी विचारलं.

"केला."

"त्यानं काय केलं?"

"कपाळाला लावला."

अप्पांनी दिसणारा डोळाही मिटला. मग हळूच उजवा हात माझ्यासमोर धरला, पंजा वर, तसाच, फोटोतल्यासारखा. आता मला ठाऊक होतं ते काय मागताहेत. माझ्या दुकानात दोराची भेंडोळी छतापर्यंत लागलेली आहेत आणि मी औशाला रिकाम्या हाताने आलो होतो. मी त्यांच्या पंजावर माझा पंजा ठेवला. कपाळाला नाही लावला.

कमलम्मा चहा घेऊन आल्या, कप पुढे करून उभ्या राहिल्या. आम्हा दोघांचे हात मोकळे नव्हते, म्हणून त्यांनी तो खाली ठेवला.